हाताचा इसब आणि आमच्या वहीतली ओळ

आम्ही ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या बचत गटाच्या बायका. आमच्यातल्या निम्म्याअधिक मुरबाड, शहापूर, जव्हारकडून लग्न होऊन किंवा कामासाठी इकडे आलेल्या. त्यामुळे तुमच्याशी बोलताना परक्याशी बोलतोय असं वाटत नाही. आजची गोष्ट रोगाची आहे, पण ती आमच्या चुकीपासून सुरू होते. म्हणून आधी चूक सांगतो.

आमचा गट उन्हाळ्यात उडदाचे पापड करतो. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात आमच्यातल्या एका ताईच्या हातांवर लाल चट्टे उठले. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या, मधूनमधून पाणी येई, आणि रात्री खाज सुटे ती अशी की झोप नाही. तिने चार दिवस लपवलं. पाचव्या दिवशी लाट्या करताना शेजारणीने पाहिलं आणि कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं नायटा आहे, कोणी म्हणालं खरूज. एकीने तर तो मोठा शब्द हळूच उच्चारला, ज्याच्या नुसत्या नावाने माणसं उठून लांब बसतात. संध्याकाळच्या बैठकीत आम्ही ठराव केला आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, "हाताला रोग असल्यामुळे कामावरून कमी करण्यात येत आहे." खाली सगळ्यांच्या सह्या. तिची रोजची कमाई बंद झाली. कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहिला. तो काही हात पाहून थांबत नाही.

ही ओळ आम्ही आपल्या मनाने लिहिली असं आम्हाला तेव्हा वाटलं होतं. पुढे कळलं, ती आमच्या जन्माच्या फार आधी लिहून ठेवलेली होती.

आपल्याकडे कातडीच्या रोगांची नावं आणि त्यांची भीती एकमेकांत फार पूर्वीपासून गुंतलेली आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितलेत, सात मोठे आणि अकरा लहान. त्या अठरांत आपला नायटा येतो, खरूज येते, इसबासारखा खाजेचा आणि पाझरणारा रोगही येतो. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो त्यातलाच एक. म्हणजे शब्द एक आणि रोग डझनभर. वैद्याला फरक कळत असेल, पण वस्तीला कुठून कळणार? वस्तीने शब्द ऐकला आणि सगळ्यांना एकाच ओळीत बसवलं.

त्याच ग्रंथांत आणखी एक गोष्ट आहे, ती ध्यानात ठेवा, पुढे लागेल. कातडीच्या या रोगांच्या कारणांत त्यांनी विरुद्ध अन्न सांगितलंय, दूध आणि मासे एकत्र खाणं वगैरे. आमच्या गटातल्या आगरी-कोळी बायकांना ते आजीच्या तोंडून पाठ आहे. मासे आणि दुधाने कोड उठतं याला आजच्या वैद्यकात आधार नाही, त्यामुळे कोड असलेल्या मुलीच्या आईला कृपा करून हे ऐकवू नका. पण पोटात काय जातं त्याचा कातडीशी संबंध असतो, एवढी शंका जुन्या लोकांना आली होती, हे मात्र खरं.

आता सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत या. १८७३ साली नॉर्वे देशात हॅन्सन नावाच्या डॉक्टरने कुष्ठरोग्यांच्या गाठींत काड्यांसारखे जंतू पाहिले. रोग पूर्वजन्माच्या पापाने होत नाही, देवाच्या कोपानेही होत नाही, तो जंतूने होतो, हे कळणं खरं तर सुटकेचं होतं. पण जंतू कळला आणि औषध नव्हतं. मग हातात एकच उपाय उरला, माणसालाच बाजूला करा. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान काढलं. वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. हे तेच ॲकवर्थ साहेब, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले. एकच माणूस शाहिरांचे पोवाडे जमवतो आणि रस्त्यावरच्या रोग्यांना भिंतीआड नेतो. त्या भिंतीआड जेवण, छप्पर आणि शुश्रूषा मिळत होती, हे विसरून चालणार नाही. बाहेर तेही नव्हतं.

मग १८९८ चा कायदा आला. सरकार ज्या भागाला तो लागू करील तिथे कुष्ठरोग्याला विक्रीसाठी खाण्यापिण्याचे पदार्थ करायला बंदी, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला बंदी, तिथे धुणं धुवायला बंदी. हे वाचताना आमच्या अंगावर काटा आला. विक्रीचे खाण्याचे पदार्थ म्हणजे पापडच की. आमच्या वहीतली ओळ आणि हा कायदा यांच्यात फक्त शाईचा फरक होता. हा कायदा देशाच्या पुस्तकातून पुसला जायला २०१६ साल उजाडलं, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून काढून टाकायला २०१९. आजचं औषध मात्र १९८० च्या दशकातच आलं होतं. आज ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि उपचार सुरू झाले की त्या माणसापासून इतरांना लागण होण्याचा धोका लवकरच संपतो. तेव्हा आमच्या ताईला कुष्ठरोग असता, तरीही आमची ओळ चूकच ठरली असती. हे मुद्दाम सांगतोय, कारण "तिला तो रोग नाही हो" एवढं म्हणून हात झटकणं सोपं आहे.

तर तिला काय होतं? आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेल्या. डॉक्टरबाईंनी हात पाहिले, कोपराच्या लवणी पाहिल्या, मग विचारलं, लहानपणी अंगावर असं उठायचं का? घरात कोणाला दमा? दिवसात किती वेळा हात पाण्यात? ती पहाटे तीन घरची भांडी करते, मग पापडखार घातलेलं पीठ तिंबते. त्यांनी सांगितलं, हा इसब आहे, हाताचा. हा एकापासून दुसऱ्याला होत नाही. आमच्यातली एक फटकन म्हणाली, पण मॅडम, यात जंतू असतात ना? त्यावर बाई म्हणाल्या, असतात, पण तुमच्याही हातावर आहेत आणि माझ्याही. आम्ही घरी येताना एकमेकींच्या हातांकडे बघत होतो.

इथून खरा इतिहास सुरू होतो. जंतू दिसला म्हणजे तोच रोगाचं मूळ, आणि जंतू आहे म्हणजे रोग लागणारच, ही समजूत मोडायला डॉक्टरांनाही शंभर वर्षं लागली.

१८७४ साली पॅरिसमध्ये मालासे नावाच्या संशोधकाने डोक्यातल्या कोंड्यात बुरशीचे गोल गोल कण पाहिले. वाटलं, सापडलं कोंड्याचं कारण. पुढे कळलं की ही बुरशी कोंडा नसलेल्या डोक्यावरही असते, जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांच्या डोक्यावर असते. ती तेलकट जागी राहते आणि आपल्या कातडीचं तेल खाते. कोणाचं शरीर त्यावर चिडतं, कोणाचं चिडत नाही. इसबाचंही तसंच झालं. जर्मनीतले त्वचारोगाचे मोठे डॉक्टर उन्ना यांचा दावा होता की इसब एका गोल जंतूमुळे होतो. १९०० साली पॅरिसला जगभरचे त्वचारोगाचे डॉक्टर जमले, तेव्हा यावर मोठा वाद झाला. बहुतेकांचं मत पडलं की इसबाचं मूळ जंतूत नाही, जंतू मागून येऊन बसतात. भांडण तिथे मिटलं असं वाटलं, पण तसं झालं नाही.

१९७४ मध्ये अमेरिकेत लेडन, मार्पल्स आणि क्लिगमन या तिघांनी इसबाच्या रोग्यांची कातडी तपासली. दहातल्या नऊहून जास्त जणांच्या चट्ट्यांवर एक विशिष्ट जंतू सापडला. त्याचं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. गळू आणि पू करणारा तो हाच. निरोगी कातडीवर तो क्वचितच आढळतो. मग उन्ना बरोबर होते का? अर्धवट. २०१२ मध्ये अमेरिकेतल्याच एका सरकारी संशोधन संस्थेने इसब असलेल्या मुलांना काही काळ सोबत घेऊन त्यांच्या कातडीवरचे सगळे जंतू मोजले, नुसता एक नाही. इसब भडकला की स्टॅफिलोकॉकस वाढत गेला आणि बाकीच्या जंतूंची विविधता घटली. उपचारानंतर बाकीचे परत आले. शेतात एकच तण माजलं की बाकी झाडं दिसेनाशी होतात, तसं. तण माजतं ते जमीन उघडी पडली म्हणून.

आणि जमीन का उघडी पडते? २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की इसबाच्या बऱ्याच रोग्यांत कातडीची वरची भिंत बांधणाऱ्या एका प्रथिनाची जनुकं जन्मापासूनच कमकुवत असतात. भिंतीतून ओल बाहेर जाते आणि साबण, खार, धूळ आत शिरतात. सगळ्यांचंच तसं नसतं. आमच्या ताईची भिंत जन्मतः थोडी कच्ची असेल, बाकीची भांड्यांच्या साबणाने आणि पापडखाराने खरवडली. तिचा रोग तिच्या कामातून आला होता, आणि आम्ही तिचं कामच काढून घेतलं होतं.

आपल्या कातडीवरचे बाकीचे जंतू काय करतात, हेही आता बरंच कळलं आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गॅलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की निरोगी कातडीवर त्याच स्टॅफिलोकॉकस घराण्यातले काही साधे भाऊबंद असतात. ते स्वतः एक द्रव्य तयार करून त्या दांडग्या जंतूला मारतात. इसबाच्या रोग्यांच्या कातडीवर असे राखणदार कमी असतात. त्यांनी रोग्याच्याच अंगावरचे चांगले जंतू घेऊन, वाढवून, मलमातून परत लावले आणि दांडगा जंतू कमी झाला. हे अजून प्रयोगात आहे, मेडिकलमध्ये मागायला जाऊ नका. पण ज्या जंतूला आपण सरसकट शत्रू म्हणतो त्यातले कित्येक आपल्या कातडीचे राखणदार आहेत, हे आमच्यासाठी नवीन होतं.

आता ती दूध-माशांची गोष्ट परत काढू. पोटाचा कातडीशी संबंध जोडणारे आपल्याकडचे एकटेच नव्हते. पॅरिसला मेचनिकॉफ नावाचे शास्त्रज्ञ होते, १९०८ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. आतड्यातल्या वाईट जंतूंना दह्यातले जंतू आवरतात असं त्यांचं म्हणणं होतं. १९३० मध्ये अमेरिकेतल्या स्टोक्स आणि पिल्सबरी या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी आणखी पुढे जाऊन लिहिलं की मनाचा ताण आतड्यातल्या जंतूंची घडी बिघडवतो आणि त्याची सूज कातडीवर उमटते. त्यांनी आंबवलेलं दूध सुचवलं. लोकांनी ते मनावर घेतलं नाही आणि कल्पना कित्येक दशकं पडून राहिली. हप्ता थकला की ताईची खाज वाढायची, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा आम्हाला ते नाटक वाटलं.

आतड्यात जंतू असतात ते आपल्या शरीराच्या राखण करणाऱ्या पेशींना लहानपणापासून शिकवत असतात, कोणावर भुंकायचं आणि कोणावर नाही. हे शिक्षण कच्चं राहिलं की शरीर साध्या गोष्टींवरही चिडतं. १९८९ मध्ये इंग्लंडच्या स्ट्रॅचन यांनी हजारो मुलांच्या नोंदी पाहून लिहिलं की ज्यांना थोरली भावंडं जास्त त्यांच्यात ॲलर्जीची सर्दी आणि लहानपणीचा इसब कमी. भावंडांकडून लहानमोठे जंतूसंसर्ग मिळतात, त्यानेच हे होत असावं, असा त्यांचा अंदाज. यावरून घाण बरी असा अर्थ कोणी काढू नका. जुलाबाने आपल्या पाड्यांवर मुलं गेली आहेत. हात धुणं आणि जंतू संपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच.

मग दही-ताक खाल्लं की इसब बरा होईल का? हा प्रश्न आम्हीही विचारला. २००१ मध्ये फिनलंडमध्ये ॲलर्जीचा वारसा असलेल्या घरांतल्या गरोदर बायकांना, आणि बाळ झाल्यावर पुढचे काही महिने, आतड्याला मानवणारे जंतू दिले. दोन वर्षांच्या वयात त्या बाळांमध्ये इसब निम्माच दिसला, ४६ टक्क्यांऐवजी २३. जगभर गाजावाजा झाला. पुढच्या अभ्यासांत मात्र काहींत फायदा दिसला, काहींत नाही. आणि आधीच झालेल्या इसबावर अशा गोळ्या-पुड्यांचा उपयोग पाहणाऱ्या ३९ चाचण्या २०१८ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा फरक जवळजवळ शून्य निघाला. म्हणून कोणी "पोटाचे जंतू सुधारा, कातडी उजळेल" म्हणत महागडी पावडर गटाच्या बैठकीत विकायला आणली, तर तिला चहा पाजा आणि परत पाठवा. ताक प्या, आंबील प्या, ते अन्न म्हणून चांगलंच आहे. औषध म्हणून त्याची जाहिरात करायला पुरावा नाही.

हे सगळं परदेशातलं झालं. पण आपल्या पोटात कोण राहतं हे इकडेही पाहिलंय. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन एकत्र कुटुंबं घेतली, नातवंडं, आईबाप, आजीआजोबा, तिन्ही पिढ्या एका घरात राहणाऱ्या. एकाच चुलीवरचं खाणाऱ्यांच्या पोटातले जंतू वयाप्रमाणे कसे बदलतात हे त्यांनी तपासलं. तो बदल परदेशी लोकांत दिसलेल्या बदलासारखा नव्हता. २०१६ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवलं की भारतीय लोकांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा नावाचे जंतू परदेशी लोकांपेक्षा जास्त आढळतात. यातला पहिला धान्य, कडधान्य, पालेभाजी खाणाऱ्यांच्या पोटात सहसा जास्त असतो. आम्हाला यातली एकत्र कुटुंबाची कल्पना फार आवडली. सासूसुनांच्या पोटाचा अभ्यास! आमच्यातली एक म्हणाली, विचारांचाही करायला हवा होता. पण गंमत बाजूला ठेवा. फिनलंडच्या बाळाला जे लागू पडलं ते शहापूरच्या बाळाला तसंच लागू पडेल असं धरून चालता येत नाही, ते यामुळेच.

एक गोष्ट मात्र थेट आपल्या हातातली आहे, ती म्हणजे मेडिकलची ट्यूब. ताईने चार दिवस लपवलं तेव्हा ती गप्प बसली नव्हती. दुकानातून खाजेची ट्यूब आणून लावत होती. अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा तीन औषधं एकत्र असतात, बुरशीचं, जंतूंचं आणि वर स्टेरॉइड. पहिल्या दिवशी खाज थांबते म्हणून आपल्याला ते अमृत वाटतं. पण मनाने वापरत राहिलं तर कातडी पातळ होते. आणि मुळात नायटा असेल तर तो वरून विझल्यासारखा दिसतो आणि आतून पसरतो. भारतातल्या १२ ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ लोकांची पाहणी छापली. त्यातले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडचं मलम लावत होते, कोणी गोरं होण्यासाठी, कोणी मुरुमांसाठी. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं बजावलं. तरी आपण "भाऊ, ती निळी ट्यूब द्या" म्हणतोच. डॉक्टरबाईंनी ताईलाही स्टेरॉइडचंच मलम दिलं होतं, हे सांगायला हवं. पण किती, कुठे, किती दिवस आणि कधी बंद, हे चिठ्ठीवर लिहून.

बाकी त्यांनी सांगितलं ते साधं होतं. गरम पाण्याने भांडी घासू नका, कोमट घ्या. आत सुती आणि वर रबरी हातमोजे, आणि सुती रोज धुतलेले. हात धुतल्यावर ओले असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल. खोबरेलाचं ऐकून आमच्या कोकणातल्या बायका खूश झाल्या. फिलिपाइन्समध्ये २००८ मध्ये ५२ रोग्यांवर झालेल्या लहानशा अभ्यासात खोबरेलाने कातडीवरचा तो दांडगा जंतू ऑलिव्ह तेलापेक्षा जास्त कमी झाला होता. अभ्यास लहान आहे, पण खोबरेल स्वस्त आहे.

मग आम्ही डॉक्टरबाईंना अवघड प्रश्न विचारला. तिने पीठ तिंबावं की नाही? त्या म्हणाल्या, भेगांतून पाणी येत असेल तोवर नाही. तो जंतू पिठात गेला तर खाणाऱ्याला उलट्या-जुलाब होऊ शकतात. बोट कापलेल्या बाईलाही हाच नियम लावा. म्हणजे हात पिठात नको, हे आमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण हात पिठात नको आणि बाई गटात नको, या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे आम्हाला दिसलं नव्हतं. पिठाव्यतिरिक्त वजन करणं आहे, पाकिटं भरून लेबल लावणं आहे, हिशेब आहे, दुकानात माल पोचवणं आहे. यातलं काहीही तिला देता आलं असतं आणि रोजी तीच ठेवता आली असती. कोणी सुचवलंच नाही. आम्ही बारा जणी होतो.

ताई महिनाभराने परत आली, आधी वजनकाट्यावर. आम्ही बोलावल्यावर लगेच आली नाही. दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा तिच्या घरी गेलो. तिने चहा केला आणि कप आमच्यापुढे ठेवताना विचारलं, चालेल ना माझ्या हातचा? कोणाला काही बोलता आलं नाही. चहा प्यायलो.

त्या हंगामाच्या शेवटी तिच्या पेरांची कातडी भरून आली. थंडीत पुन्हा थोडं उठलं, पुन्हा गेलं. हा रोग असाच येतो-जातो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आता ज्या कोणाच्या हाताला जखम असेल ती त्या दिवशी काट्यावर बसते, रोजी तेवढीच. आमच्यातल्या तिघी या वर्षात आळीपाळीने तिथे बसल्या आहेत. एकीला नायटा झाला होता. तो लागतो, म्हणून तिचा टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवले, औषध पूर्ण केलं आणि ती परत पोळपाटावर आली.

इतिवृत्ताच्या वहीतलं पान फाडता येत नाही, पानांवर आकडे घातलेले असतात. ती ओळ तिथेच आहे. तिच्याखाली आम्ही नवी नोंद केली, तारीख घालून, आणि पुन्हा सगळ्यांनी सह्या केल्या. या वेळी तिची सही पहिली आहे.